पुठ्ठ्यावरची धूळ

नाना कुणाच्याही दारात गेले की आधी वाकायचे. पाया पडायला नव्हे, दारात उभ्या असलेल्या गाडीखाली पाहायला. एक हात गुडघ्यावर, दुसरा बॉनेटवर, चष्मा घसरू नये म्हणून मान जरा वर, असे वाकून ते गाडीच्या पोटाखालची जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेत. मग कंबर दाबत उभे राहत आणि म्हणत, "बठ्ठं कोरडं शे," म्हणजे सगळं कोरडं आहे. घरातल्या माणसांना नमस्कार त्यानंतर.

ज्यांना हे ठाऊक नसायचं त्यांची पंचाईत व्हायची. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला पाहायला पाचोऱ्याकडचे पाहुणे आले होते. मुलाचे वडील हात जोडून गाडीतून उतरले. समोर नाना. नानांनी त्या जोडलेल्या हातांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते खाली वाकले, पाहुण्यांच्या दोन पायांच्या मधून गाडीखाली नजर टाकली आणि म्हणाले, "इंजिन गळतंय तुमचं." मुलीच्या आईने कपाळावर हात मारला. पण लग्न जमलं. मुलाचे वडील अजून सांगतात, त्या दिवशी गल्लीत पहिल्या भेटीत खरं बोलणारा तो एकच माणूस भेटला.

अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. कुणाला नळ ठिबकलेला चालत नाही, कुणी दुसऱ्याच्या जिन्यातला दिवा बंद करत फिरतं. आपण त्यांना हसतो, आणि ती गावाला गेली की आपल्याला चुकल्यासारखं होतं. मीही नानांना पुष्कळ हसले आहे, म्हणूनच हे लिहायचा अधिकार मला आहे असं मी समजते.

नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन जळगावात आमच्या गल्लीत राहायला आले. मूळ गाव धुळे तालुक्यातलं, त्यामुळे बोलणं अहिराणी. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून माझ्याशी ते शुद्ध मराठीत सुरुवात करत आणि दोन वाक्यांत घसरून आपल्या बोलीवर येत. नोकरी काय होती म्हणून विचारलं तर सांगायचे, "तीस वर्षं हातात बॅटरी आणि खिशात फडकं. थेंब शोधायचा. दुसरं काय?" थेंब सापडला की बोटावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा, हुंगायचा, आणि कुठल्या तोंडातून आला ते सांगायचं. त्यांच्या बोटाला तेलाचं नाव कळायचं.

निवृत्तीनंतर माणूस नातवंडं खेळवतो. नानांनी गल्लीतल्या गाड्या घेतल्या. कोपऱ्यावरच्या मारवाडी शेटजींच्या किराणा दुकानातून ते रिकामे खोके आणत, कात्रीने उभे कापत आणि दर सोमवारी प्रत्येक गाडीखाली एक पुठ्ठा सरकवत. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने तारीख. आठवडाभर रोज सकाळी सहा वाजता त्यांची फेरी निघायची. पुठ्ठा कोरडा असेल तर पुढे. डाग असेल तर मालकाच्या दारावर थाप.

लोकांना सुरुवातीला हा चोंबडेपणा वाटला. मग एकदा शेजारचं कुटुंब जीप भरून मुक्ताईनगरला दर्शनाला निघालं होतं. बायका बसल्या, डबे चढले, आणि नाना जीपच्या पुढे येऊन उभे राहिले. चाकाच्या आतल्या बाजूला ओल होती. "हे ब्रेकचं तेल शे. गाडी जाणार नाही." शेजारी चिडला, मुहूर्त टळेल म्हणाला, आवाज चढवला. नाना हलले नाहीत. शेवटी मिस्त्री आला, फाटलेली नळी काढून त्याने शेजाऱ्याच्या हातावर ठेवली आणि जीप दुपारी गेली. त्या दिवसापासून पुठ्ठ्याला कुणी काही बोललं नाही.

बोलायच्या त्या फक्त काकू, म्हणजे नानांच्या पत्नी. त्यांची तक्रार साधी होती. स्वयंपाकघरातलं नरसाळं, मोजायचं भांडं, जुनी परात यांतलं काहीही कधीही नाहीसं व्हायचं. "मनं दूधनं माप कोठे शे?" असा आवाज आमच्या ओट्यापर्यंत आला की गल्लीत कुणाच्या तरी गाडीचं तेल बदलतंय हे आम्ही ओळखायचो. "जलमभर ह्या माणसाने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही तेवढं गाड्यांच्या पोटाखाली पाहिलं," असं त्या मला सांगायच्या, आणि नाना हसून मिशी पुसायचे.

आता माझं सांगते. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. पायाला आधाराचा कॅलिपर घालून मी शाळेत उभी राहून शिकवते, पण एसटीची पायरी मला चढवत नाही आणि क्लच दाबवत नाही. चाळिशी उलटल्यावर मी ऑटोमॅटिक गाडी चालवायला शिकले आणि एक जुनी गाडी घेतली. धुळ्याला माझी अक्का एकटी असते, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, गुडघ्यांनी अडकलेली. दर शनिवारी शाळा सुटली की मी एरंडोल, पारोळा करत तिच्याकडे जाते, रविवारी परत. गाडी येण्याआधी मला कुणीतरी "नेऊन सोडायचं". ज्याला आयुष्यभर कुणीतरी नेऊन सोडलं आहे त्यालाच कळेल, स्वतःच्या हाताने गाडी अक्काच्या दारात उभी करण्यात काय आहे.

गल्लीत माझी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा सगळ्यांनी "वा, छान, हिमतीची हो" वगैरे केलं. असलं कौतुक मी हयातभर ऐकत आले आहे, त्याच्या पोटात काय असतं ते मला कळतं. नाना आले, वाकले, खाली पाहिलं, उभे राहिले आणि विचारलं, "डावा पाय काम करत नाही का?"

"नाही."

"मग ऑटोमॅटिक बरी. पुठ्ठा सोमवारी देतो."

संपलं. माझ्या पायाविषयी इतकं साधं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला हा माणूस त्याच दिवशी आवडला.

दोनेक वर्षांनी गाडी झटके द्यायला लागली. सिग्नलवरून निघताना जरा अडखळायची, मग गचका देऊन पुढे जायची. वर्कशॉपमध्ये नेली तर तिथल्या माणसाने सांगितलं, "गिअरबॉक्सचं तेल बदलत नसतात मॅडम. कंपनीने भरलेलं आयुष्यभराचं असतं. बिघडला तर अख्खा गिअरबॉक्स नवा." इतर मिस्त्री म्हणाले, ऑटोमॅटिकला आम्ही हात लावत नाही. अक्का फोनवर म्हणाली, "विकून टाक. नाही आलीस तरी चालेल." तिला चाललं असतं, मला नसतं चाललं.

मी नानांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "आयुष्यभराचं? कोनाच्या आयुष्यभराचं?" मग गाडीकडे बघून म्हणाले, "तेल बी म्हातारं व्हस, बाई."

आधी त्यांनी माझ्याकडून गाडीचं पुस्तक वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं तेच तेल, त्याच्या जवळपासचंही नाही. मग आमच्या अंगणात तयारी सुरू झाली. चारही चाकांखाली लाकडाचे रुंद ठोकळे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते कुणाला जाऊ देत नसत. अंगणाला पाणी वाहून जायला उतार आहे, म्हणून गवंड्याची पाण्याची नळी आणून त्यांनी पुढचं-मागचं मोजलं आणि एका बाजूला फळी वाढवली. गाडी तिरकी असेल तर तेल खोटी पातळी दाखवतं म्हणे. ते गाडीखाली सरकले, मी बाहेर स्टुलावर बसून पाने-पकडी देत होते.

"पहिले कोणता बोल्ट?" त्यांनी खालून विचारलं, वर्गात विचारावं तसं.

"खालचा. जुनं तेल काढायचा."

"चूक. पहिले भरायचा. तो बाजूला शे, वर. तो निघतो का ते पाहायचं. जुनं सगळं सांडून बसला आणि भरायचं तोंड उघडलंच नाही तर? मग ना इकडचे ना तिकडचे."

भरायचा बोल्ट निघाला. मग तळाचा. परातीत तेल आलं ते चहाच्या चोथ्यासारखं काळपट. नानांनी बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. जळका वास आला तर गिअरबॉक्स आतून गेलेला असतो, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

"जळेल नही," ते म्हणाले. "जिवंत शे."

मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मी तेव्हा फार लक्ष देऊन पाहिली नाही. बोल्टच्या भोकाभोवती उजव्या हाताची तर्जनी हळूच फिरवली, एकदा सुलटी, एकदा उलटी. "बोल्टबरोबर वॉशर असतो. मऊ धातूची चकती. जुनी कधी कधी वरच चिकटून राहते. तिच्यावर नवी बसवली की दोन होतात आणि मग गळतं. डोळ्याला दिसत नाही, तेलात एकरंग असते. बोटाला लागते." नवा वॉशर घालून त्यांनी बोल्ट हाताने बसवला. "टेकला की पाव फेरा. बस. माणूस गळू नये म्हणून कसतो, आणि कसल्यामुळेच गळतं. कळतं ते मनगटाला."

जेवढं जुनं निघालं तेवढं मोजून नवं घातलं. ते गुलाबाच्या सरबतासारखं लाल होतं. नाना गाडीखालून बाहेर आल्यावरच मी सीटवर बसायचं, ब्रेक दाबून इंजिन चालू करायचं आणि गिअरची दांडी एकेका खुणेवर ठेवून मनात दहा मोजायचे. पुन्हा पार्किंगवर. तेल कोमट झालं की भरायचं तोंड उघडून जास्तीचं बाहेर येऊ द्यायचं. "धारेचे थेंब झाले की बंद." शेवटी त्यांनी पांढऱ्या तेलरंगाची बारीक रेघ ओढली, अर्धी बोल्टवर, अर्धी गिअरबॉक्सवर. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. परात आणि माप सोड्याने तीनदा धुऊन काकूंच्या ओट्यावर पालथं ठेवलं. काकूंनी ते हुंगून बाजूला सारलं.

त्या शनिवारी मी धुळ्याला गेले तेव्हा गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. अक्काच्या दारात मी वाकून खाली पाहिलं. कॅलिपर घालून वाकणं ही माझ्यासाठी सोपी गोष्ट नाही. अक्का म्हणाली, "काय पडलं गं?" मी म्हटलं, "काही नाही. बठ्ठं कोरडं शे."

पुढे तीन वर्षं पुठ्ठा कोरडा राहिला. दर आठवड्याला फक्त तारीख बदलायची. त्या काळात नानांची साखर वाढली. ते सांगत नसत. मला दिसलं ते चहामुळे. पूर्वी ते कप बशीत ठेवून, फुंकून, कडेला धरून प्यायचे. आता उकळता कप मुठीत धरून बोलत राहायचे. मला वाटलं, म्हातारपणी सोसायची ताकद वाढली असेल. इतकी साधी गोष्ट मला कळली नाही, आणि मी चौथीच्या मुलांना निरीक्षणाचे धडे देते.

मग तेल पुन्हा बदलायची वेळ आली. तेच ठोकळे, तीच नळी, तोच प्रश्न, आणि मी या वेळी बरोबर उत्तर दिलं. नाना खूश होते. तिसऱ्या दिवशी पहाटे मी दूध घ्यायला बाहेर आले तर पुठ्ठ्यावर रुपयाएवढा लाल डाग.

मी घड्याळ पाहिलं. सहाला पाच कमी. गल्लीच्या त्या टोकाला नानांच्या दाराची कडी वाजली.

मी पुठ्ठा ओढून घेतला, घरात नेला, शेटजींकडचा एक खोका पडला होता तो फाडला आणि नवा तुकडा गाडीखाली सरकवला. तारीख नानांच्या अक्षरात घातली. मुलांच्या वह्या तपासून तपासून कुणाचंही अक्षर मला काढता येतं. नाना आले, वाकले, म्हणाले, "बठ्ठं कोरडं शे," आणि पुढे गेले. मी खिडकीआडून पाहत होते.

का केलं म्हणाल? तीस वर्षं थेंब शोधणाऱ्या माणसाच्या हातून थेंब निसटला होता. लोक माझ्या पायाकडे बघतात ते मला माहीत आहे. एकदा बघतात, मग घाईने नजर काढून घेतात. नानांच्या हाताकडे कुणी तसं बघू नये असं मला वाटलं. मी स्वतःला सांगितलं, एकच थेंब आहे, थांबेल.

तो थांबला नाही. मी रोज साडेपाचला उठून पुठ्ठा बदलायला लागले. शेटजी म्हणाले, "बाई, तुम्हालाही लागलं का हे वेड?" डाग वाढत होता. कमी तेलावर गाडी चालवली की गिअरबॉक्स आतून झिजतो, हे नानांनीच शिकवलेलं. म्हणून मी गाडी काढायची बंद केली. शनिवार आला. मी अक्काला फोन केला, "पेपर तपासायचे आहेत." दुसऱ्या शनिवारी, "जरा कणकण आहे." अक्का म्हणाली, "गाडी बिघडली का? खरं सांग." मी नाही म्हटलं. तिचे गुडघे, तिचं एकटं घर, आणि माझी दारातली गाडी. एका माणसाचा मान राखायला मी दुसऱ्या माणसाला खोटं सांगत होते, आणि दुसऱ्या मिस्त्रीला बोलवावं तर तो नानांच्या डोळ्यांदेखतच येणार.

पंधराव्या दिवशी नाना वाकले ते उठेचनात. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी पुठ्ठा बाहेर ओढला, उजेडाकडे धरला, त्यावरून हात फिरवला, तळवा पाहिला. मग माझ्या दारावर थाप मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, अक्षर झकास काढलं. अगदी मनंच." त्यांनी पुठ्ठा माझ्यापुढे धरला. "तारीख सोमवारची. आज गुरुवार. जळगावमां तीन दिवस पुठ्ठा उघड्यावर पडेल शे, आणि त्यावर धूळ नही? धूळ कोठे गई?"

चैत्रातलं जळगाव. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. थेंब लपवायच्या नादात मी धूळ विसरले होते.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"पंधरा."

ते ओट्यावर बसले. मी पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही. स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून बघत होते, दुसऱ्याचा असावा तसा.

"बोटाला कळत नाही आता," ते म्हणाले. "वर्ष झालं. चहा गरम का थंड ते कळत नाही. कोनाले सांगं नही. काकूले बी नही. मी बोट फिरवलं होतं, बाई. रोजच्यासारखं फिरवलं. माले काही लागनं नही, म्हणजे तठे काही नही, असं समजनो."

"नाना, असू द्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून—"

"मी तुमच्या पायाची कीव केली होती का?"

आवाज चढवला नव्हता. पण मला इतकं कुणी कधी रागावलं नाही, बापसुद्धा नाही. कारण ते खरं होतं. सगळ्या गल्लीत माझ्या पायाला पाय म्हणणारा हा एक माणूस, आणि मी त्याच्या हातावर पुठ्ठा झाकत बसले होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मग उठा. कॅलिपर काढा. आज तुमचं बोट."

मी नाही नाही म्हणत होते, पण अर्ध्या तासात मी माझ्या गाडीखाली गोणपाटावर आडवी होते. ठोकळे मांडले होते, नळीने पातळी पाहिली होती. काकू कुणी न मागता आपली नवीन परात घेऊन आल्या, लख्ख घासलेली, स्वच्छ धोतराचा तुकडा वर झाकलेला, म्हणजे निघेल ते नवं तेल पुन्हा घालता येईल. नाना बाहेर माझ्या स्टुलावर बसले होते. गाडीखालून मला त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

"पहिले कोणता?"

"भरायचा."

"मग?"

"तळाचा." तेल आलं, परात वाजली, माझ्या मनगटावरून एक ओघळ कोपरापर्यंत गेला.

"आता बोट फिरवा. घाई नको. आधी सुलटं."

मी बोट फिरवलं. गुळगुळीत. "उलटं," ते म्हणाले. मी उलटं फिरवलं. आणि एका जागी नखाला काहीतरी अडलं. कागदाच्या कडेइतकं बारीक.

"नाना, एक कडा लागतेय."

चपला हलल्या नाहीत. मी नख घालून ती कडा सोडवली आणि जुनी चकती माझ्या तळहातावर पडली. मी ती गाडीखालून बाहेर सरकवली. नानांनी ती उचललेली मला दिसली नाही, पण काकूंचा आवाज आला, "अहो, डोळे पुसा. पोरीले दिखी जाई."

"दिसू दे," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "नवा वॉशर. हाताने बसवा. टेकला?"

"टेकला."

"पाव फेरा. मनगटाले विचारा."

मी पाव फेरा दिला. खरंच कळलं. धातू मऊ दबल्याचं, पुढे नको म्हटल्याचं, मनगटाला कळलं. मला हसू आलं आणि रडूही, आणि तोंडावर तेल होतं. तेल परत भरलं, गळालेल्याची भर घातली आणि रेघही मीच ओढली. जरा वाकडी आली. नाना म्हणाले, वाकडी चालते, तुटलेली चालत नाही.

त्या शनिवारी मी धुळ्याला गेले. अक्काला सगळं सांगितलं. ती आधी मला रागावली, आणि मग म्हणाली, नानांना घेऊन ये एकदा. ते काही आले नाहीत. त्यांच्या पायालाही तेच व्हायला लागलं होतं. एक जखम झाली, ती बरी होईना. त्यांनी फेरी बंद केली. पुठ्ठे मी घालू लागले, शाळेच्या आधी, काठी टेकत. सहा वाजता ते ओट्यावर येऊन बसायचे. गल्लीच्या टोकावरून मी हात वर करायचे.

"काय शे?"

"बठ्ठं कोरडं शे, नाना."

मग ते चहा घ्यायचे. आता बशीत. काकू आधी स्वतःचं बोट लावून बघायच्या.

माघात नाना गेले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या, दीपनगरची, धुळ्याची, कुठकुठली माणसं. मी मान खाली घालून चालत होते आणि प्रत्येक गाडीखाली माझी नजर जात होती. मला ती थांबवता येत नव्हती. मला ते जायला नको होते, आणि दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

दिवस झाल्यावर काकू धुळ्याला आपल्या लेकीकडे राहायला निघाल्या. म्हणाल्या, जीप-बीप नको, तुझ्याच गाडीत बसते. सामान थोडं होतं. एका पिशवीत ते नरसाळं आणि दुधाचं माप. पारोळ्याला मी चहाला थांबले, त्या उतरल्या नाहीत. वाटेत एकदाच म्हणाल्या, "गाडी आवाज करत नही वं तुनी."

लेकीच्या दारात मी गाडी उभी केली. लेक धावत आली. मी माझा पाय सावरत दार उघडून उतरते आहे, काठी शोधते आहे, तोवर काकू पलीकडून उतरल्या. लेकीने हात पुढे केला तो त्यांनी बाजूला केला. पदर खोचला, एक हात गुडघ्यावर, दुसरा बॉनेटवर, आणि सबंध जन्म त्या वाकण्यावरून नवऱ्याला बोलणारी ती बाई हळूहळू खाली वाकली. बराच वेळ बघत राहिली. रस्त्याने जाणारे थांबून पाहायला लागले.

"माले ते काहीच दिखत नही," त्या तशाच वाकून म्हणाल्या. "बरं शे ना?"

"बरं आहे, काकू," मी म्हटलं. "चला, उठा आता."